‘श्यामची आई’ आणि शिवाशीव : एक विचार

महाराष्ट्रांत ज्या घरीं दहा पुस्तकें असतील त्या घरीं त्यांतलें एक ‘श्यामची आई’ असावयाचें, असें म्हटल्यास तें फारसें अतिशयोक्तीचें होणार नाहीं. वक्तृत्वाची स्पर्धा असो कीं निबंधाची वही असो, मातृप्रेम हा विषय निघाला कीं या पुस्तकाचा उल्लेख आलाच. वाचक तें वाचतो, त्याचे डोळे भरून येतात, आणि पदरानें किंवा बाहीनें ते पुसून तो पुस्तक मिटून ठेवतो. मातृप्रेमाचें स्तोत्र म्हणून या ग्रंथाची जी ख्याति आहे ती यथार्थच आहे. तींत उणें काढण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु आम्हांस असें वाटतें कीं, केवळ अश्रू ढाळून जो हें पुस्तक मिटतो त्यानें त्याचें अर्धेंच वाचन केलें. निष्पाप माणसावर आणि निष्पाप मनावर समाजाचे पूर्वग्रह कसा घाला घालतात, हा या ग्रंथाचा दुसरा विषय आहे. आणि आपण नाशिककरांनीं तर तो विसरणें मुळींच योग्य नव्हे. तसें कां, तें थोडक्यांत सांगण्याचा येथें यत्न करतों.

साने गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजीं कोंकणांत पालगड या गांवीं झाला. पुढें अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत ते शिक्षक होते. १९३० सालीं कायदेभंगाची चळवळ सुरू होतांच त्यांनीं नोकरी सोडली, आणि पुढील कित्येक वर्षें तुरुंगाच्या वाऱ्या केल्या. ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग त्यांनीं १९३३ च्या फेब्रुवारी महिन्यांत आपल्या नाशिकच्या तुरुंगांत, अवघ्या कांहीं दिवसांत लिहून काढला. पुस्तक प्रसिद्ध झालें १९३५ सालीं. आचार्य अत्रे यांनीं त्यावर काढलेला चित्रपट १९५३ चा. राष्ट्रीय चित्रपट पारितोषिकांच्या पहिल्याच वर्षीं राष्ट्रपतींचें सुवर्णपदक त्याला मिळालें. हा इतिहास बहुतेकांस ठाऊक असतो. परंतु तुरुंगाच्या भिंतींच्या आंत कोंकणांतल्या एका आईच्या आठवणी कागदावर उतरत होत्या तेव्हां त्या भिंतींच्या बाहेर, याच नाशकांत, काय चाललें होतें, याचा विचार फार थोडे वाचक करतात.

बाहेर काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालला होता. २ मार्च १९३० रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालीं हजारों अस्पृश्य बंधुभगिनी पंचवटींत मंदिराच्या दारांशीं आल्या आणि दारें बंद पाहून तेथेंच बसल्या. दादासाहेब गायकवाड, अमृतराव रणखांबे यांसारखे कार्यकर्ते त्या कार्याचा भार वाहत होते. त्याच वर्षींच्या रामनवमीला रथाचा दोर ओढण्यावरून दंगल झाली, दगड उडाले, कित्येक लोक जखमी झाले. मागणें तें काय? ज्या रामाचें नांव आपणही घेतों त्या रामाचें दर्शन आपणांसही घेऊं द्यावें, एवढेंच. हा झगडा वर्षांमागून वर्षें चालला, परंतु दार उघडलें नाहीं. शेवटीं १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं आपल्याच जिल्ह्यांतील येवलें येथें बाबासाहेबांनीं, आपण हिंदु म्हणून जन्मलों तरी हिंदु म्हणून मरणार नाहीं, अशी घोषणा केली. ‘श्यामची आई’ ज्या वर्षीं वाचकांच्या हातीं पडलें तेंच हें वर्ष. एकाच शहराच्या आश्रयानें, एकाच काळांत, एक पुस्तक लिहिलें जात होतें आणि एक दार बंद राहत होतें. हीं दोन चित्रें शेजारींशेजारीं ठेवून पाहिलीं म्हणजे पुस्तकांतील कांहीं प्रसंग निराळ्याच प्रकाशांत दिसूं लागतात.

त्यांतील एक प्रसंग फुलांचा आहे. ‘मुकीं फुलें’ या नांवाच्या प्रकरणांत फुलें गोळा करण्याच्या चढाओढींत मुलें कळ्याच खुडून आणतात, आणि आई श्यामला समजावते कीं, कळीला झाडावरच उमलूं द्यावें. वरवर पाहतां ही एक घरगुती शिकवण आहे. देवाला वाहावयाचें फूल कसें असावें, एवढाच तिचा विषय दिसतो. परंतु सबंध पुस्तक वाचून झाल्यावर मागें वळून पाहिलें, तर ती कळी ही त्या पुस्तकांतील बालमनाचें प्रतीक आहे असें आढळून येईल. श्याम हा स्वभावतः प्रेमळ मुलगा आहे. कोणाचें दुःख दिसलें तर त्याचें मन वितळतें. परंतु त्याच्या सभोंवतीं जो गांव आहे त्या गांवाला घाई आहे. हें मूल पुरतें उमलण्यापूर्वींच त्याला कांहीं गोष्टी शिकविल्या गेल्या पाहिजेत, अशी ती घाई. कोणाला शिवावें, कोणाला शिवूं नये. कोणाच्या घरचें पाणी प्यावें, कोणाच्या घरचें पिऊं नये. कोणाला हात द्यावा, कोणाला देऊं नये. या शिकवणीला शाळा लागत नाहीं कीं पाटी लागत नाहीं. लोकांचें हंसणें, लोकांचें नाक मुरडणें आणि लोकांचें कुजबुजणें, हे तिचे पंतोजी. कळी खुडण्याचें काम हात करतात तसें हें काम डोळे करतात.

याचें प्रत्यक्ष उदाहरण म्हणजे मोळीचा प्रसंग. महार समाजांतील एक वृद्ध स्त्री लांकडांची मोळी घेऊन विकावयास निघाली आहे. मोळी डोक्यावरून खालीं आली आहे आणि ती पुन्हां उचलून डोक्यावर घेण्याचें त्राण तिच्या अंगीं नाहीं. आजूबाजूला माणसें नाहींत असें नव्हे. परंतु तिला हात लावील असें कोणी नाहीं. श्यामची आई त्याला सांगते कीं, जा आणि तिला मोळी उचलून दे. श्यामच्या मनांत पहिला विचार येतो तो लोकांचा : लोक काय म्हणतील? आई त्याची भीति दूर करते, परत आल्यावर अंघोळ कर म्हणून सांगते, आणि श्याम जातो.

या छोट्याशा प्रसंगांत निष्पाप माणसें दोन आहेत, हें वाचकानें नीट ध्यानांत घ्यावें. पहिली ती वृद्धा. तिनें कोणाचें कांहीं वाईट केलेलें नाहीं. रानांतून काटक्या गोळा करणें, त्यांचा भारा बांधणें आणि तो दुसऱ्याच्या चुलीपर्यंत पोंचविणें, एवढाच तिचा उद्योग. त्याच लांकडांवर ज्यांच्या घरीं भात शिजतो त्यांना लांकडें चालतात, पण लांकडें आणणारीचा हात चालत नाहीं. यांतली विसंगति इतकी उघड आहे कीं सहा वर्षांच्या मुलालाही ती दिसावी; आणि खरोखर सहा वर्षांच्या मुलालाच ती दिसते, साठ वर्षांच्या माणसाला दिसत नाहीं. दुसरें निष्पाप माणूस म्हणजे स्वतः श्याम. पडलेल्याला उचलावें ही मुलाची सहज बुद्धि असते. ती कोणी शिकवावी लागत नाहीं. परंतु तेवढ्या लहान वयांत तिच्या आड लोकभय येऊन उभें राहिलें आहे. आईनें शब्द दिला नसता तर श्याम तेथेंच थबकला असता, आणि असा चार वेळां थबकला असता तर पांचव्या वेळीं त्याला थबकल्याचें कांहीं वाटलेंही नसतें. तेव्हां ती मोळी केवळ लांकडांची नाहीं. एकीकडे ती त्या वृद्धेच्या डोक्यावरचा भार आहे, आणि दुसरीकडे गांवानें एका मुलाच्या मनावर ठेवलेलाही भार आहे. आई मुलाला जेव्हां मोळी उचलावयास पाठविते तेव्हां ती हे दोन्ही भार एकाच वेळीं हलके करीत असते.

याच विषयावरील एक इंग्रजी कादंबरी जगभर वाचली जाते व अनेक शाळांतून शिकविली जाते. हार्पर ली या अमेरिकन लेखिकेची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही ती कादंबरी, प्रकाशन १९६० सालचें. अमेरिकेच्या दक्षिणेंतील अलाबामा संस्थानांत घडणारी ही कथा १९३३ ते १९३५ या काळांतील आहे. म्हणजे नाशिकच्या तुरुंगांत आपलें पुस्तक लिहिलें गेलें आणि येवल्याची घोषणा झाली, नेमक्या त्याच काळांतील! टॉम रॉबिन्सन नांवाच्या काळ्या मजुरावर एका गोऱ्या स्त्रीवर अत्याचार केल्याचा खोटा आरोप येतो. त्याचा डावा हात लहानपणींच यंत्रांत सांपडून निकामी झालेला आहे. स्त्रीच्या अंगावरील खुणा मात्र डावखुऱ्या माणसानें मारल्याच्या आहेत. ॲटिकस फिंच हा गोरा वकील हें सर्व न्यायालयापुढें मांडतो. तरी गोरे पंच टॉमला दोषी ठरवितात, आणि पुढें तुरुंगांतून पळूं पाहतांना तो गोळ्यांनीं मारला जातो. मॉकिंगबर्ड हा कोणाचें नुकसान न करणारा, केवळ गाणारा पक्षी. त्याला मारणें हें पाप, असें मुलांना आरंभींच सांगितलेलें असतें. टॉम हा तसा पक्षी आहे हें वाचकाला निराळें सांगावें लागत नाहीं.

परंतु त्या कादंबरींत आम्हांस याहूनही मोलाचें वाटतें तें एक लहानसें स्थळ. खटला चालू असतां सरकारी वकील टॉमशीं ज्या तुच्छतेनें बोलतो तें ऐकून डिल नांवाचा लहान मुलगा रडूं लागतो. त्याला बाहेर न्यावें लागतें. बाहेर भेटलेला एक प्रौढ गृहस्थ त्याला समजावतो, त्याचा भावार्थ असा कीं, मोठा झाल्यावर तुला हें पाहून रडूं येणार नाहीं. या एका वाक्यांत त्या संपूर्ण गांवाचा इतिहास आला. त्या गांवांतील प्रत्येक पंच केव्हांतरी डिलच्याच वयाचा होता. त्यांतील कित्येकांना तेव्हां रडूं आलेंही असेल. तें रडणें ज्यांनीं हळूहळू थांबविलें त्यांनींच पुढें टॉमला दोषी ठरविलें. पूर्वग्रह दोन जणांना इजा करतो, असें जें आम्हीं वर म्हटलें त्याचा अर्थ हाच. एकाचा तो प्राण घेतो, आणि दुसऱ्याचें रडूं घेतो. दोन्ही हानि सारख्या आहेत असें मात्र कोणीं समजूं नये. प्राण तो प्राण. पण दुसरी हानि झाल्याखेरीज पहिली होऊं शकत नाहीं, म्हणून ती क्षुल्लक नव्हे.

शिवाशिवीचा शाप दाराबाहेरच्यांनाच भोवतो असें नाहीं. तो दाराच्या आंतल्यांनाही भोवतो. याची साक्ष आपल्याच जिल्ह्यांतील एका थोर लेखिकेनें दिलेली आहे. लक्ष्मीबाई टिळक यांचा जन्म १८६८ सालीं नाशिकजवळील जलालपूर येथें झाला आणि १९३६ सालीं नाशकांतच त्यांनीं देह ठेवला. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राच्या आरंभींच त्यांच्या वडिलांच्या सोंवळ्याचें जें वर्णन आहे तें वाचतांना हंसूं येतें, आणि हंसतां हंसतां अंगावर कांटाही येतो. त्या सोंवळ्यानें बाहेरचे लोक दूर राहिले असतील. परंतु घरांतील बायकामुलांचेंही जिणें त्यानें कठीण करून सोडलें. पुढें १८९५ सालीं रेव्हरंड टिळकांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तरी लक्ष्मीबाईंनीं आपलें सोंवळें लगेच सोडलें नाहीं. बाळपणीं मनांत रुतलेला कांटा बाहेर काढण्यास त्यांना काळ लागला. आणि त्यांनीं तो कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या विचारानें काढला, हें त्यांचें मोठेपण. लहानपणीं शिकविलेलें सहज जात नाहीं, हा यांतला धडा आहे.

आतां एक आक्षेप येण्यासारखा आहे, आणि तो प्रामाणिकपणें मांडणें आमचें कर्तव्य आहे. कोणी म्हणेल कीं, मोळीच्या प्रसंगाची एवढी स्तुति कशासाठीं? शेवटीं अंघोळ आलीच ना? मोळीला हात लावून मुलगा विटाळला, असेंच आईनेंही मानलें ना? शिवाय त्या वृद्धेचें नांव आपणांपैकीं कोणाला आठवतें? तिच्या मनांत त्या वेळीं काय चाललें होतें हें आपणांस कोठें कळतें? श्यामचें मन कळतें, आईचें मन कळतें. जिच्यावर अन्याय झाला तिचें मन मात्र बंदच राहतें. दया करणाऱ्याचा गौरव होतो, आणि जिच्यावर दया केली ती केवळ निमित्त होऊन उरते. ‘मॉकिंगबर्ड’वरही अमेरिकेंत असाच आक्षेप घेतला जातो कीं, तींत वकिलाचें थोरपण जेवढें दिसतें तेवढें टॉमचें अंतरंग दिसत नाहीं.

हा आक्षेप खरा आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. “तो काळच तसा होता” असें म्हणून तो उडवून लावणें बरें नव्हे. त्या काळीं त्याच नाशकांत हजारों माणसें दारापुढें बसून सांगत होतीं कीं, आम्हांस कोणाची दया नको, आमचा हक्क हवा. तेव्हां काळाची सबब पुरती पडत नाहीं. परंतु आक्षेप खरा असला तरी त्यावरून पुस्तक टाकून द्यावें हा निष्कर्ष निघत नाहीं. ती आई रूढीच्या पिंजऱ्यांत वाढलेली, शाळेचें तोंडही न पाहिलेली एक ग्रामीण स्त्री आहे. त्या पिंजऱ्याचें दार तिला सबंध उघडतां आलें नाहीं; पण तिनें त्यांतून आपल्या मुलाचा हात बाहेर काढला. अंघोळ ही तिनें गांवाच्या भीतीला दिलेली किंमत होती, आणि मोळी हें तिच्या अंतःकरणाचें देणें होतें. मुलानें मोठेपणीं या दोहोंपैकीं काय जवळ ठेविलें, यावरून त्या शिकवणीची परीक्षा करावी.

आणि मुलानें काय ठेविलें हें महाराष्ट्राला माहीत आहे. १ मे १९४७ रोजीं साने गुरुजींनीं पंढरपूरला आमरण उपोषण आरंभिलें. विठ्ठलाचें मंदिर हरिजनांना खुलें व्हावें, ही त्यांची मागणी होती. तत्पूर्वीं कित्येक महिने त्यांनीं महाराष्ट्रभर हिंडून लोकमत जागृत केलें होतें. सुमारें दहा दिवसांनीं मंदिर उघडण्याचें मान्य झालें आणि उपोषण सुटलें. पालगडच्या मुलाला मोळीला हात लावावयास आईची परवानगी लागली होती व मागाहून अंघोळही लागली होती. पंढरपूरच्या गुरुजींना दोहोंपैकीं कशाचीच गरज उरली नव्हती. लेखक आपल्या पुस्तकाच्या पुढें गेला. अर्थात् काळारामाच्या दारापुढें जे बसले होते त्यांचें श्रेय यानें तिळभरही कमी होत नाहीं. दार ठोठावणारे ते होते. आंतून कडी काढूं पाहणाऱ्यांपैकीं गुरुजी एक होते. पुढें २६ जानेवारी १९५० रोजीं अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली, आणि आज काळारामाचीं दारें सर्वांना उघडीं आहेत.

‘श्यामची आई’ वाचून जें अर्धें उरतें तें पुरें करावयाचें असेल, तर ज्यानें मोळी उचलून दिली त्याच्याबरोबरच ज्याच्या डोक्यावर मोळी होती त्याचेंही पुस्तक वाचलें पाहिजे. तेंही आपल्या नाशिकनेंच मराठीला दिलेलें आहे. काळाराम सत्याग्रह सुरू झाला त्याच वर्षीं, १९३० सालीं, नाशिकजवळच्या विहितगांवीं बाबुराव बागूल यांचा जन्म झाला. तुरुंगांत ‘श्यामची आई’ लिहिली जात होती तेव्हां हें मूल अडीच वर्षांचें होतें. पुढें १९६३ सालीं त्यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला आणि मराठी कथेला एक नवाच आवाज मिळाला. त्यांतील शीर्षककथेंत रेल्वेच्या नोकरीवर परगांवीं गेलेला एक तरुण आपली जात लपवून राहतो. तोंपर्यंत जे त्याला मान देतात, घरीं बोलावतात, तेच लोक जात कळतांच त्याच्यावर तुटून पडतात. हा तरुण कोणाच्या दयेचा विषय नाहीं. तो स्वतः बोलतो, स्वतः पाहतो, आणि मारणाऱ्यांबद्दलचें आपलें मत स्वतःच बनवितो. मोळीवाल्या वृद्धेला जें बोलतां आलें नाहीं तें तिच्या नातवंडांच्या पिढीनें बोलून दाखविलें. हीं दोन पुस्तकें एकाच फळीवर असावींत अशी आमची इच्छा आहे. एकानें मन मऊ होतें, दुसऱ्यानें तें जागें होतें. आणि नुसतें मऊ झालेलें मन पुष्कळदां झोंपीं जातें.

येथवर पुस्तकांची गोष्ट झाली. पण पुस्तकें कशासाठीं वाचावयाचीं? मोळी उचलण्याचे प्रसंग आपल्या वाट्यास येत नाहींत, असें जर कोणी म्हणेल तर तो आपली फसवणूक करीत आहे. नव्या मुलाला पहिल्याच दिवशीं त्याचें नांव विचारून आपलें समाधान होत नाहीं. आडनांव विचारावें लागतें. आडनांवावरून उलगडा झाला नाहीं तर गांव विचारतात, गांवावरून झाला नाहीं तर वाडा विचारतात. हे प्रश्न कशासाठीं असतात हें विचारणाराही जाणतो आणि उत्तर देणाराही जाणतो. म्हणून तर उत्तर देणाऱ्याचा आवाज बारीक होतो. कित्येक ठिकाणीं मागासवर्गीय विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीची यादी भर वर्गांत मोठ्यानें वाचून दाखवितात. वाचणाऱ्याच्या मनांत कांहीं वाईट नसतें. परंतु नांव निघालें कीं सारे डोळे एका बांकाकडे वळतात, आणि त्या बांकावरील मुलगा वहींत तोंड खुपसतो. त्याच्या हक्काची वस्तु त्याला मिळते खरी, पण दहा जणांच्या नजरांतून गाळून मिळते. मग गुणांची गोष्ट निघाली कीं कोणी कुजकें बोलतो, बाकीचे हंसतात, आणि ज्यांना हंसूं येत नाहीं तेही हंसल्यासारखें करतात. हा जो न येणारें हंसूं हंसणारा मुलगा आहे, तोच आपला श्याम. त्याच्या कानाशीं ‘जा, मोळी उचल’ म्हणणारी आई मात्र त्या वेळीं तेथें नसते.

तिचें काम अशा वेळीं कोणीं करावयाचें? आम्हांस असें वाटतें कीं, तें शिक्षकांनीं करावें आणि शिक्षकांच्या गैरहजेरींत आपण विद्यार्थ्यांनींच एकमेकांसाठीं करावें. यासाठीं मोठे ठराव नकोत कीं सभा नकोत. शिष्यवृत्तीची यादी वर्गांत वाचण्याऐवजीं ज्याची त्याला बोलावून खाजगी रीतीनें सांगतां येते. नव्या मुलाला आडनांवाआधीं त्याचा आवडता खेळ विचारतां येतो. कोणी कुजकें बोलला तर न हंसतां गप्प राहतां येतें, आणि थोडें अधिक धैर्य असेल तर “यांत हंसण्यासारखें काय आहे?” एवढें विचारतां येतें. हीं कामें एका मोळीएवढींच आहेत. पण ज्याच्या डोक्यावर भार आहे त्याला ती मोळी केवढी जड असते, हें उचलून देणाऱ्याला सहसा कळत नाहीं.

तेव्हां या सुट्टींत जो कोणी ‘श्यामची आई’ पुन्हां हातीं घेईल त्यानें मोळीची गोष्ट आली म्हणजे थोडें थांबावें. एकदां ती श्यामच्या जागीं उभें राहून वाचावी, आणि एकदां त्या वृद्धेच्या जागीं उभें राहून वाचावी. दुसऱ्या खेपेस अश्रू कदाचित् कमी येतील. परंतु शाळा उघडल्यावर आपल्या शेजारच्या बांकावर कोण बसतें आणि तें कां गप्प असतें, याकडे आपलें लक्ष अधिक जाईल. आणि पुस्तक वाचल्याचें खरें फळ तेंच, असें आमचें मत आहे.